चार वर्षांच्या पोरांच्या हातातली पेन्सिल जरा काढून घ्या

नर्सरी-केजीच्या पालकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीनंतर एक मेसेज हमखास येतो, की आपल्याकडे अजून रायटिंग का सुरू नाही झालं, शेजारच्या शाळेत तर एबीसीडी स्मॉल-कॅपिटल दोन्ही झालं आणि अ ते अः पण झालं. त्याखाली लगेच पाच-सहा अंगठे. मग टीचर बिचारी काय करणार, सोमवारपासून वहीत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं काढून द्यायला लागते आणि साडेतीन-चार वर्षांचं पोरगं घरी येऊन रडत रडत एक अख्खं पान 'अ' भरतं. आई शेजारी बसलेली, बाबांचा ऑफिसमधून फोन, झालं का गं त्याचं पान.

मी पहिलीच्या वर्गावर बरीच वर्षं काढलीयेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यामुळे या वह्यांचं पुढे काय होतं ते मला माहितीय. पोरं पहिलीत येतात तेव्हा त्यांना अक्षरं 'काढता' येतात. वाचता येत नाहीत. 'क' काढ म्हटलं की झोकात काढतात, पण 'क'ने सुरू होणारं काहीतरी सांग म्हटलं की बघत बसतात, फार तर कमळ म्हणतात, कारण तेवढंच पाठ असतं. आणि फळ्यावर 'कर' लिहिलं की काही पोरं चक्क "कमळ, रथ" असं वाचतात! हसू येतं, पण त्यांचं काय चुकलं सांगा ना, त्यांना आपणच सांगितलंय की याचं नाव कमळ आणि त्याचं नाव रथ. त्या चित्राच्या आत एक आवाज आहे आणि आपल्याला तो आवाज हवाय, हे कोणी सांगितलंच नाही.

तर माझं म्हणणं सरळ आहे, पाच वर्षांच्या आतल्या मुलांना वहीत लिहायला लावणं बंद करा, लिखाणाचा होमवर्क तर पूर्णच बंद, आणि तो सगळा वेळ कानाला द्या. आवाज ऐकणं, आवाज तोडणं, आवाज जोडणं. मग अक्षर बघणं, आणि हाताने लिहायचं ते पहिलीच्या आसपास, पण तेव्हा मात्र नीट, मन लावून. आत्ता आपण बरोब्बर उलटं करतोय, कणीक भिजवायच्या आधीच पोरांच्या हातात लाटणं दिलंय आणि पोळी गोल का नाही म्हणून ओरडतोय.

आणि उलटं का होतं हेही काही गुपित नाही. वही दिसते, कानातलं दिसत नाही. आज पोरगं टाळ्या वाजवत 'पा-व-सा-ळा' असे शब्दाचे तुकडे पाडायला शिकलं, हे टीचर पालकांना दाखवणार कसं? फोटोत येत नाही ते. चाळीस-पन्नास हजार फी भरलेल्या माणसाला काहीतरी हातात हवं असतं, मग भरलेली वही ही एक प्रकारची पावतीच झालीय. टीचरना हे कळत नाही असं अजिबात नाही. कित्येक जणी खाजगीत सांगतात, ताई आम्हाला पण पटत नाही हो, पण पालक ऐकत नाहीत आणि मॅनेजमेंट पालकांचं ऐकतं.

एकदा चार वर्षांच्या मुलाचा हात लिहिताना नीट बघा, मोबाईल बाजूला ठेवून. पेन्सिल मुठीत धरलेली असते, बोटं हलतच नाहीत, हलतो तो खांदा, म्हणजे एवढंसं 'अ' काढायला अख्खा हात फिरतो. जीभ बाहेर. दुसऱ्या हाताने वही धरायची असते हे लक्षात नसतं म्हणून वही सरकते, मग अक्षर रेघेबाहेर जातं, मग रबर, मग कागद फाटतो, मग रडारड. हा आळस नसतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मतः ती सगळी कूर्चेची, मऊ असतात, एकेक करून वर्षानुवर्षं पक्की होत जातात, तीन-चार वर्षांच्या पोरात त्यातली जेमतेम निम्मी पक्की झालेली असतात आणि शेवटचं हाड तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान केव्हातरी. हा हात मातीचे गोळे करायला, मणी ओवायला, शेंगा सोलायला, कात्रीने कागद कापायला, ओल्या फडक्याने फरशी पुसायला एकदम तयार असतो. आणि गंमत अशी की पुढे पेन्सिल धरायला जी बोटं लागतात ती याच कामांनी तयार होतात. मटार सोलणारं पोरगं लिहिण्याचीच तयारी करत असतं, फक्त त्याची वही नसते ना, म्हणून कोणी त्याला अभ्यास म्हणत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीला धूळपाटी होती, बारीक मातीवर बोटाने अक्षर काढायचं आणि चुकलं की हात फिरवून पुसून टाकायचं. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह काढलं तिथे खरखरीत कागदाची अक्षरं केली, मुलं त्यावरून बोट फिरवता फिरवता आवाज म्हणायची. म्हणजे बोट आणि आवाज एकत्र, पेन्सिल नंतर. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली पोरांमध्ये. तिथे महागडी साधनं आणणार कुठून, मग शंख-शिंपले, बिया, पानं, दगड असलं आजूबाजूचंच सामान घेऊन पोरांचे हात आणि डोळे तयार केले. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आणि आज पुण्या-मुंबईत एसी नर्सरीत बसून आपण काय करतोय तर ठिपके जोडतोय.

आता आवाजाचं. मराठी घरात आवाजाचे खेळ काही कमी नाहीत. गाडीत बसलं की भेंड्या सुरू, त्यात शेवटचं अक्षर कोणतं आलं हे पाच वर्षांचं पोरगं पटकन सांगतं, त्याला लिहिता एक अक्षर येत नसतं तरी. थोडी मोठी पोरं च-ची भाषा बोलतात, 'मराठी'चं 'चराठीम', म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च घालायचा, आणि हे धडाधड तोंडी, कागद नाही काही नाही! वाचायला शिकण्याआधी डोक्यात जी जुळणी व्हावी लागते ती हीच, बोललेला शब्द अखंड नसतो, त्याचे तुकडे पडतात आणि ते तुकडे इकडचे तिकडे करता येतात हे कळणं. हे ज्याला कळलं त्याला अक्षर ओळख म्हणजे फक्त तुकड्याला चिन्ह चिकटवणं. ज्याला नाही कळलं तो चिन्हं पाठ करतो आणि अडकतो. तेव्हा बालवाडीत रोज अर्धा तास असले खेळ घ्या, बडबडगीतं म्हणा, यमकं जुळवा, 'म'ने सुरू होणाऱ्या वस्तू घरभर शोधायला लावा. खर्च शून्य रुपये.

अक्षरांचा क्रम हा दुसरा घोळ. आपली वर्णमाला म्हणजे खरंच अफाट चीज आहे, कंठापासून ओठापर्यंत आवाज कुठे तयार होतो त्याप्रमाणे लावलेली, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. पण ही मांडणी ज्याला आधीच भाषा येते त्या अभ्यासकासाठी सुंदर आहे. पाच-सहा वर्षांच्या पोराने याच क्रमाने शिकायचं ठरवलं तर क, ख, ग, घ एकापाठोपाठ एक येणार, ऐकायला एकमेकांना चिकटलेले आवाज, आणि पाचवा तो 'ङ', ज्याचा एक शब्द पोराला माहीत नाही. 'ञ'ला तर बहुतेक घरात 'त्र' म्हणतात, मोठी माणसंसुद्धा. शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाण केली, ॲ आणि ऑ त्यात अधिकृतपणे आले ते फार बरं झालं (बॅट आणि बॉल घराघरात आहेत!), पण त्या यादीत 'ऌ' पण आहे, जो मराठीत 'क्लृप्ती' सोडून कुठे सापडणार नाही. यादीत असायला हरकत नाही. पण केजीच्या तक्त्यावर पोराने तो अननसाच्या शेजारी बघून पाठ का करायचा?

त्यावर जुना उपाय म्हणजे गमभन, ग, म, भ, न या अक्षरांपासून सुरुवात करायची. आकार एकमेकांशी मिळतेजुळते म्हणून हात लवकर वळतो, हे खरंय. पण शब्द कोणते होतात बघा, नभ, गगन, गमन, मगन. सहा वर्षांचं कोणतं पोरगं घरी येऊन म्हणतं की आई मी गमन करतो? अक्षरं जोडून वाचली आणि जे निघालं त्याचा अर्थच लागला नाही, तर पोराला वाटतं वाचणं म्हणजे तोंडातून आवाज काढणं. मी पुढे पुढे वर्गात क, म, न, ल आणि त्यासोबत पहिल्याच आठवड्यात काना असं सुरू करायचे. लगेच काय काय मिळतं पहा, मामा, काका, नाना, नाक, कान, मान, काम, मका, लाल, मला. आणि मग फळ्यावर लिहायचं, "मामा, मला मका". वर्गात जो काही आरडाओरडा व्हायचा! कारण हे अख्खं वाक्य आहे आणि पोरांच्या तोंडचं आहे, बाजारात गेल्यावर ती हेच म्हणतात. चार अक्षरं आणि एक काना यावर पोरगं वाचक झालं. बावन्न अक्षरं संपेपर्यंत थांबायचं, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य, ही रांग लावली की अर्धी पोरं रांगेतच दमतात.

वेलांटीचं पण असंच. 'कि' लिहिताना आधी वेलांटी दिसते आणि मग क, पण ऐकू आधी क येतो आणि मग इ. डावीकडून उजवीकडे आवाज लावत जाणाऱ्या पोराला हा सरळ सरळ दगा आहे. म्हणून आधी दुसरी वेलांटी शिकवा, 'की', 'मी', 'काकी', 'मामी', तिथे आवाजाचा आणि लिखाणाचा क्रम एकच असतो. पहिली वेलांटी नंतर. छोटीशी गोष्ट आहे, पण बाराखडीत ती पहिली येते म्हणून पहिली शिकवतात, बाकी कारण काही नाही.

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो असं आपण छाती फुगवून सांगतो ना, तेही शिकवताना जरा जपून. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च एक आहेत का? 'जग' आणि 'जहाज'? 'झेंडा' आणि 'झाड'? चिन्ह एक आणि आवाज दोन, आणि कुठे कोणता हे लिहिलेलं नसतं, पोराच्या कानातच असावं लागतं. शिवाय 'कमळ' लिहितो तीन पूर्ण अक्षरं पण शेवटचा ळ आपण पूर्ण म्हणत नाही. मुलगा क-म-ळ सुटं सुटं म्हणतो आणि त्यातून ओळखीचा शब्द उमटायला त्याला आणखी एक उडी मारावी लागते. घरात मराठी भरपूर ऐकलेलं पोरगं ती उडी सहज मारतं. ज्याच्या घरी वेगळं बोलतात त्याचं अवघड होतं. वऱ्हाडाकडे 'पानी' म्हणतात, खानदेशात डोळ्याला 'डोया' म्हणतात, आणि बाई म्हणणार 'ण' बाणाचा, तर पोरगं प्रामाणिकपणे 'बान' म्हणणार आणि 'न' लिहिणार. त्याने ऐकलं तेच लिहिलं, म्हणजे खरं तर त्याला आवाजाचं काम जमलंय! तिथे लाल पेनाने फुली मारली की पोरगं काय शिकतं, की आपल्या घरी चुकीचं बोलतात. गोंडी, कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका, त्यांना आवाज, अक्षर आणि भाषा तिन्ही एकाच दिवशी नवीन.

आणि या सगळ्यावर आता फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवायची पद्धत. गावोगावी क्लासेस निघालेत, तालुक्याच्या ठिकाणी पण बोर्ड दिसतात. फोनिक्सला माझा विरोध नाही हं, उलट ती लोकं बरोबर तेच करतात जे आपण मराठीत करायला हवं. इंग्लंडात हीच पद्धत सरकारी शाळांमध्ये आणली आणि २०१२ पासून तिथे पहिल्या इयत्तेच्या मुलांची आवाज-अक्षराची चाचणी घेतात. जॉली फोनिक्समध्ये एबीसीडीच्या क्रमाने जातच नाहीत, एस, ए, टी, आय, पी, एन अशी सुरुवात, का तर त्यातून सॅट, पिन, टॅप असे शब्द पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे माझं 'मामा मला मका'च की! फक्त इंग्रजीत आलं म्हणून त्याला महिना दोन हजार फी. आणि विनोद असा की इंग्रजीत सव्वीस अक्षरांत चव्वेचाळीसेक आवाज कोंबलेत म्हणून त्यांना एवढी कसरत करावी लागते, आपल्याकडे आवाज आणि चिन्ह यांची गाठ त्यामानाने कितीतरी घट्ट, तरी आपण घोकंपट्टी करतो. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला आधी मराठीत आवाज तोडायला शिकवा, ते एकदा कळलं की इंग्रजीत वेगळं शिकवावं लागत नाही, ती कल्पना डोक्यात बसलेली असते. पण फोनिक्स क्लास लावणाऱ्या आईला विचारा पोराला 'ळ'ने संपणारे शब्द सांगता येतात का, ती म्हणेल मराठी काय, येईलच की आपोआप. नाही येत. वाचणं आपोआप येत नाही, बोलणं येतं.

आता मला कमेंटमध्ये काय ऐकावं लागणारे ते माहितीये. आम्ही पण असंच शिकलो, आमचं काय बिघडलं. एक तर आपण असं नाही शिकलो. आपल्यातले बहुतेक जण पाच-सहा वर्षांचे झाल्यावर शाळेत गेले, दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून, आणि त्याआधी अंगणात मातीत खेळत होतो, कोणी होमवर्क देत नव्हतं. आणि दुसरं, 'आम्ही शिकलो' हे जे शिकले तेच सांगतात. आपल्या पहिलीच्या वर्गातली किती पोरं चौथीनंतर दिसलीच नाहीत, ती कुठे लेख लिहितायत?

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे, की हाताने लिहिल्यानेच अक्षर डोक्यात पक्कं होतं. हे बरोबर आहे, आणि याला पुरावाही आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स यांच्या टीमने अजून वाचता न येणाऱ्या पाचेक वर्षांच्या मुलांना काही अक्षरं स्वतःच्या हाताने काढायला दिली, काही गिरवायला, काही कीबोर्डवर दाबायला, आणि नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूची स्कॅन काढली. वाचताना मेंदूतले जे भाग कामाला लागतात ते जागे झाले, पण स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी. गिरवलेल्यांना तसं झालं नाही. आता आपल्या केजीच्या वह्या उघडा, नव्वद टक्के काय असतं त्यात? ठिपके. कित्ता गिरवण्याचं आपल्याला एवढं वेड की तो वाक्प्रचारच होऊन बसलाय. स्वतः काढलेलं अक्षर वाकडंतिकडं येतं, दर वेळी वेगळं येतं, आणि त्यातूनच डोक्याला समजतं की 'म' म्हणजे नक्की काय आणि कुठवर वाकडा झाला तरी तो 'म'च राहतो. ठिपक्यांवरून पेन्सिल नेताना पोरगं अक्षराकडे बघतच नाही, पुढचा ठिपका कुठाय तेवढंच बघतं. तेव्हा लिहू द्या, पण थोडं, मनाने, मोठ्या कागदावर, खडूने जमिनीवर, आणि वय झाल्यावर.

सरकारी कागद याबाबतीत शाळांपेक्षा शहाणे आहेत हे मान्य करावं लागेल. एनसीईआरटीने २०१९ मध्ये तीन ते सहा वयाचा अभ्यासक्रम काढला त्यात या वयाच्या मुलांची लेखी-तोंडी कसलीच परीक्षा नको असं लिहिलंय. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे लिहिण्या-वाचण्याला पाच वर्षं दिलीयेत. २०२१ मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान आलं, २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मूल तिसरीअखेर नीट वाचायला लागलं पाहिजे म्हणून. पण शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढचा, आणि खासगी नर्सरी कोणीही बंगल्याच्या गॅरेजमध्ये काढावी, तिथे काय शिकवतात ते बघायला येतो कोण? भेळेच्या गाडीला पण लायसन लागतं.

आणि निकाल काय आहे तर 'असर' या गावोगावच्या शिक्षणाच्या पाहणीचा २०२४चा अहवाल बघा, ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतली २३.४ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. २०२२ मध्ये १६.३ होते, म्हणजे सुधारणा आहे, पण चारातलं एक पोरगं वाचतंय यावर पेढे वाटायचे का? पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरला तीन वर्षं मुलांच्या मागे राहून एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यातही हेच, तिसरी संपत आली तरी बऱ्याच मुलांची अक्षरं आणि मात्रा पूर्ण नाहीत, आणि वर्गातलं लिहिणं म्हणजे फळ्यावरचं उतरवून काढणं, स्वतःच्या मनातलं लिहायला जवळजवळ मिळतच नाही. मला वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा जीआर निघाला तेव्हा केवढं रण माजलं, २९ जूनला तो मागे घेतला. मी त्या जीआरच्या विरोधातच होते. पण त्या सगळ्या काळात टीव्हीवर अस्मिता, राजकारण, कोण कोणाबरोबर स्टेजवर आलं हे सगळं झालं, सहा वर्षांच्या पोराला पहिली लिपी वाचायला किती महिने लागतात आणि कशी शिकवतात यावर एक पॅनल बसलं नाही. मराठी वाचवायची तर फळ्यासमोर वाचवावी लागते, आणि तिथे अजून कमळ-रथ चालूय.

पहिलीत लिहायला शिकवायचं ते कसं, यावर थोडं, कारण नको नको म्हणताना करायचं काय ते पण सांगायला हवं. अक्षर कुठून सुरू करायचं हे प्रत्येक पोराला दाखवावं लागतं, नुसतं फळ्यावर तयार अक्षर लिहून चालत नाही. 'ग'चा आकडा आधी, मग दंड वरून खाली. पोरं दंड खालून वर ओढतात, दिसायला सेम दिसतं म्हणून कोणी टोकत नाही, आणि तिसरीत वेग लागला की हात दुखतो, अक्षर फुटतं. एका दिवशी चार-पाच चांगली अक्षरं पुरे, आणि त्यातलं सगळ्यात छान कोणतं ते पोरालाच गोल करायला सांगा, बरोबर ओळखतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एका आठवड्यात आणू नका, पहिला पक्का झाल्यावर महिन्याभराने दुसरा. डावखुऱ्या पोराचा हात बदलू नका, बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याच्या कोपराला धक्का लागणार नाही, आणि वही उलट्या बाजूला तिरकी करू द्या. डाव्या हाताने लिहिलं की सरस्वती कोपते म्हणणाऱ्या आज्या अजून भेटतात, त्यांना चहा पाजायचा आणि विषय बदलायचा.

आणि पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी मनाचं लिहू द्या, चुकू द्या. माझ्या वर्गातल्या एकीने पाटीवर लिहिलं होतं, "आइ ताप मि घरि". ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं. पण बघा, आवाज एकही सुटलेला नाही, आणि आई आजारी आहे, मला घरी जायचंय, हे तिने मला तोंडाने सांगितलं नव्हतं, लाजरी होती, लिहून सांगितलं. शब्दाच्या शेवटची वेलांटी मराठीत दीर्घ लिहितात हा नियम आहे, तो तिला दुसरीत कळला, पाच मिनिटांत. तिच्या आईला वही दाखवली असती तर म्हणाली असती, बाई अजून पानं का भरली नाहीत.

शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगळी द्यायची की शब्द झाल्यावर सलग, यावर शिक्षकांत जोरदार भांडणं आहेत. मी सलगच्या बाजूची, कारण पोराला शब्द एक आहे हे त्या रेघेनेच दिसतं. पटत नसेल तर खाली लिहा.